गाडीचा उजेड तुला दिसतो, तू गाडीवाल्याला दिसत नाहीस

पत्र : बाई, मी वीस वर्षांची आहे आणि पोलीस भरतीची तयारी करते. आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या रस्त्यावर. सकाळी सहाला मला डेअरीवर दूध घालायचं असतं, म्हणून आम्ही तिघी मैत्रिणी पावणेपाचलाच रस्त्यावर पळायला निघतो. संध्याकाळी तालुक्याला क्लास करून एसटीने घरी यायला सात वाजतात, तेव्हाही अंधारच. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या एका मुलाला पळताना पिकअपने धडक दिली, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून पप्पा म्हणतात, पळणं बंद. त्यातच गेल्या आठवड्यात दोन पोरं मोटारसायकलचा लाइट बंद करून बराच वेळ आमच्या मागे मागे आली. हे मी घरी सांगितलेलं नाही. सांगितलं तर सगळंच थांबेल. एक मैत्रीण म्हणते, काळे कपडे घालू, म्हणजे कोणाला दिसणारच नाही. दुसरी म्हणते, चमकणारं जॅकेट घेऊ. आम्ही काय करावं? नाव छापू नका.

प्रिय मुली,

काळ्या कपड्यांपासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातली खरी गाठ तिथे आहे. तुझी मैत्रीण असं का म्हणते ते मला कळतं. अंधारात घराबाहेर पडणाऱ्या मुलीला वाटतंच, की कोणाच्या नजरेला न पडलेलं बरं. पंचवीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवले. मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने मैदानावर येणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या. पण त्या रस्त्यावर तुमच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका गाडीचा आहे, आणि जो गाडीवाला तुम्हाला पाहतच नाही तो तुम्हाला चुकवणार कसा? तेव्हा काळे कपडे नकोत. त्या पोरांचं काय करायचं ते पुढे सांगते. ते वेगळं काम आहे आणि कपड्यांनी होणारं नाही.

अंधारात पळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एक चूक होते. ट्रॅक्टरचा किंवा पिकअपचा उजेड आपल्याला किलोमीटरभरावरून दिसतो. आपण मनात धरतो, की मला तो दिसतोय म्हणजे त्यालाही मी दिसतेय. तसं नसतं. हिशेब करून बघ. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. गाडी डिपरवर, म्हणजे लाइटचा झोत खाली, असेल तर गडद कपड्यातला माणूस ड्रायव्हरला साधारण २५ ते ३० मीटरवर आल्यावर ओळखू येतो. म्हणजे एका खो-खोच्या मैदानाएवढं अंतर. काहीतरी दिसणं, ते माणूस आहे हे लक्षात येणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड-दोन सेकंद जातात. तेवढ्यात ते मैदान संपलेलं असतं. ब्रेक लागण्याआधीच गाडी तुझ्यापाशी येऊन पोचते. पुढे थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात, तेही रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तर. शेजारच्या गावातल्या त्या मुलाच्या बाबतीत काय घडलं ते मला माहीत नाही, पण ड्रायव्हर शुद्धीत असला, समोर नीट बघत असला, तरीही असा अपघात होतो.

हे मी गाडीत बसून पाहिलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलींचा संघ घेऊन जीपने स्पर्धेला निघालो होतो. जानेवारी महिना, पहाटे पाचचा सुमार, मी ड्रायव्हरशेजारी. समोरून एक ट्रक अप्पर लावून, म्हणजे झोत वर करून, आला आणि आमच्या काचेवर नुसतं पांढरं पांढरं झालं. ट्रक बाजूने गेला न गेला तोच पुढे जमिनीलगत दोन ठिपके दिसले. एक वर, एक खाली. मग खालचा वर आणि वरचा खाली. ड्रायव्हरने एक शब्द न बोलता स्टिअरिंग वळवलं. पुढे गेल्यावर कळलं, तो पळणारा मुलगा होता. अंगात गडद निळा ट्रॅकसूट, डोक्याला कानटोपी. त्याचं अंग, हात, डोकं आम्हाला काहीच दिसलं नव्हतं. दिसल्या त्या फक्त त्याच्या बुटांच्या टाचांवरच्या, बोटाच्या पेराएवढ्या दोन चंदेरी पट्ट्या. त्या मुलाला बहुधा पत्ताही लागला नसेल. मागच्या सीटवरच्या मुली झोपेत होत्या, त्यांनाही कळलं नाही. मला मात्र ते ठिपके अजून दिसतात.

ते ठिपके एका जागी स्थिर असते तर आम्ही त्यांना रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड समजलो असतो, नाहीतर उभ्या ट्रॉलीच्या मागचं रेडियम. ते वर-खाली हलले म्हणून डोक्याने क्षणात सांगितलं, हे पाय आहेत. गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं होतं. अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर उजेडाचे ठिपके ठेवले, बाकी शरीर अजिबात दिसू दिलं नाही. तरी तो माणूस चालायला लागताच बघणाऱ्याला तो माणूस असल्याचं झटक्यात कळतं. पुढे रस्त्यावर केलेल्या प्रयोगांतही तेच आलं. चमकणारी पट्टी नुसती छातीवर असण्यापेक्षा घोट्यांवर, गुडघ्यांवर, मनगटांवर असली तर ड्रायव्हर माणसाला खूप लांबून ओळखतो. म्हणून जॅकेट घेऊ म्हणणाऱ्या मैत्रिणीचं निम्मं बरोबर आहे. नुसतं जॅकेट पुरत नाही. आधी घोटे.

आता वस्तूबद्दल. आपल्याकडे या चमकणाऱ्या पट्टीला सगळेच रेडियम म्हणतात. नंबर प्लेटचं दुकान म्हणजे रेडियमचं दुकान. त्यात रेडियम नसतं. काचेचे अगदी बारीक मणी किंवा तसेच बारीक कोन असतात, आणि ते आलेला उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. म्हणून गाडीच्या उजेडात ती पट्टी ड्रायव्हरला लखलखीत दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्याला फिकट राखाडी. हे दुकानातच तपासता येतं. मोबाइलची बॅटरी पेटवून आपल्या डोळ्याजवळ, गालाला लावून धर आणि पाच-सात पावलांवरून पट्टीकडे बघ. पट्टी पेटल्यासारखी दिसली पाहिजे. मग बॅटरी तशीच पट्टीवर रोखून हात लांब बाजूला ने. चमक पडली पाहिजे. असं झालं तर माल खरा. जी नुसतीच चंदेरी दिसते, ती साडीच्या जरीएवढीच कामाची. अंधारात आपोआप हिरवट उजळणारे स्टिकर मिळतात, तेही घेऊ नकोस. त्यांचा उजेड गाडीच्या लाइटपुढे टिकत नाही.

पोपटी किंवा भडक केशरी रंगाबद्दल एक गैरसमज आहे. तो रंग दिवसा आणि कातरवेळी फार चांगला उठून दिसतो, कारण सूर्यप्रकाशातले न दिसणारे किरण घेऊन तो जास्त उजळतो. पहाटे पाचला ते किरणच नसतात. तेव्हा जॅकेटचा पोपटी भाग साध्या फिक्या कापडासारखाच, काम करते ती त्यावरची राखाडी पट्टी. पांढरा टी-शर्ट काळ्यापेक्षा नक्कीच बरा, पण पट्टीची सर त्याला नाही. लाल तर अंधारात जवळजवळ काळाच दिसतो. चांगली पट्टी मात्र डिपरच्या उजेडातसुद्धा शंभर-सव्वाशे मीटरवरून कळते. म्हणजे एका खो-खोच्या मैदानाऐवजी चार मैदानं. गाडी थांबायला, निदान वळवायला, तेवढं पुरतं.

महागडे पट्टे मागवायची गरज नाही. रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात ते जाळीचं जॅकेट हार्डवेअरच्या किंवा सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. तिघींना तीन घ्या आणि चौथं कापायला घ्या. त्याच्या पट्ट्या उसवून दोन बोटं रुंद इलॅस्टिकवर शिंप्याकडून शिवून घ्या, टोकांना वेल्क्रो लावा. घोट्याभोवती पूर्ण गोल फिरली पाहिजे, म्हणजे पुढून-मागून-बाजूने कुठूनही दिसेल. पुरली तर मनगटांनाही. गाडीला लावायचं चिकट रेडियम कपड्यावर चिकटवू नका, घामाने दुसऱ्या दिवशी सुटतं. धुताना ब्रश मारायचा नाही, इस्त्री करायची नाही. मणी निघून जातात. दर महिन्याला ती मोबाइलची परीक्षा पुन्हा घ्या. आणि एक, थंडीत वरून स्वेटर किंवा ओढणी घेतलीत तर पट्टी झाकली जाते. जॅकेट सगळ्यात वर.

अशीच चमकणारी चकती फिनलंडमध्ये लोक हिवाळ्यात कोटाला लटकवून फिरतात. तिथे दिवस अगदी लहान असतो. ही लटकती चकती मुळात तिथल्या एका कारागिराने घोडागाड्यांसाठी केली होती, असं सांगतात. हे वाचलं तेव्हा मला उसाच्या बैलगाड्या आठवल्या. ज्या बैलगाडीला मागे रेडियम नाही तिचीच दशा अंगावर पट्टी नसलेल्या पळणाऱ्याची.

पण रेडियमची एक मर्यादा लक्षात ठेव. ज्याच्या गाडीला उजेडच नाही, त्याला पट्टी दिसणार नाही. बैलगाडी, सायकल, लाइट गेलेला ट्रॅक्टर, लाइट बंद करून येणारी मोटारसायकल. म्हणून तुमच्याजवळ स्वतःचा उजेडही हवा. तुमच्या घरी रात्रीच्या लाइटला पाणी धरायला जाताना डोक्याला लावायची बॅटरी असेलच. ती डोक्याला न लावता कमरेला बांध किंवा हातात धर. खालून पडणाऱ्या उजेडात खड्ड्याची सावली लांब पडते आणि खड्डा कळतो. डोक्यावरून पडला तर सगळा रस्ता सपाट दिसतो. सर्वात मागे पळणारीच्या कमरेला सायकलचा लाल लाइट लावा. आणि गाडी जवळ आली की बॅटरी जमिनीकडे. ड्रायव्हरच्या डोळ्यात उजेड मारला तर तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येईल.

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला. जिथे फुटपाथ नाही तिथे पायी माणसासाठी हे धोक्याचं आहे. डावीकडून पळालीस तर गाडी तुझ्या पाठीमागून येते. उजवीकडून पळ, म्हणजे जवळची गाडी तोंडासमोर असेल आणि वेळेला साइडपट्टीवर उतरता येईल. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस, कारण आपला रस्ता दुपदरी आहे. मागून येणारी गाडी ओव्हरटेक करते तेव्हा ती तुझ्याच बाजूला येते. आणि राँग साइडने निघालेली मोटारसायकलही पाठीमागूनच येते. म्हणून डांबरावर पळायचंच नाही, पांढऱ्या रेघेच्या बाहेर पळायचं. साइडपट्टी खचलेली असेल तर तेवढं अंतर चालत जा. तिघींनी शेजारी शेजारी गप्पा मारत पळणं बंद, एकामागे एक. कानात हेडफोन नको, एकाही कानात नको. डोक्याला आणि कानांना घट्ट स्कार्फ बांधायची सवय असेल तर तो कानांमागून घे. मागचा आवाज आणि बाजूची नजर, दोन्ही त्याने जातात.

दोन गाड्या समोरासमोर येऊन एकमेकींना ओलांडतात तो क्षण सगळ्यात वाईट. दोघांच्या लाइटच्या मधे जो असतो तो दोघांनाही दिसत नाही. समोरून एक आणि मागून एक असे दोन उजेड जवळ येताना दिसले, की पळणं थांबवा, खाली उतरा, दोन्ही जाऊ द्या. दहा सेकंद जातील. अप्परचा झोत डोळ्यात आला तर त्याच्याकडे बघू नकोस, उजवीकडे रस्त्याच्या कडेला बघ आणि एक डोळा मिटून घे. गाडी गेल्यावर तो डोळा उघड, त्या डोळ्याला अंधारातलं दिसत असतं. आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. म्हणून घरातल्या ट्यूबलाइटमधून उठून थेट जोरात पळायला लागू नका. पहिली दहा मिनिटं चाला, अंग मोकळं करा.

आता जे मला फार महत्त्वाचं वाटतं ते सांगते. कारखाना सुरू असताना, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं तेव्हापासून मार्च-एप्रिलपर्यंत, तुमच्या रस्त्यावर रात्रंदिवस उसाची वाहतूक असते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांना हात-दीड हात ऊस आलेला. त्यातल्या एखाद्या ट्रॅक्टरचा एकच लाइट चालू असतो. लांबून एकच दिवा येताना दिसतो, तुला वाटतं मोटारसायकल आहे, तू दोन फूट बाजूला होतेस. आणि येतो तो ट्रॅक्टर. ड्रायव्हर तुला चुकवून गेला तरी मागच्या ट्रॉलीतला ऊस खांद्याला लागू शकतो. एकच दिवा दिसला तरी तो ट्रॅक्टरच आहे असं समजून बाजूला व्हायचं. भरलेल्या दोन ट्रॉल्या जागच्या जागी थांबत नाहीत, वळतही नाहीत. बाजूला तुलाच व्हावं लागेल. शिवाय पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात तशीच उभी असते. तिच्यावर पळणारी मुलंही धडकलेली आहेत.

हे सगळं सांगूनही माझं मत असं, की हंगामात त्या रस्त्यावर अंधारात पळायचंच कशाला? तुझी मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. यातल्या कशासाठीही रोज पाच किलोमीटर डांबर तुडवायची गरज नाही. मुलं रस्त्यावर पळतात म्हणून मुली पळतात, आणि मुलं पळतात कारण त्यांच्या आधीची पळत होती. ८०० मीटर सुधारतं ते २०० आणि ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्यांनी, मधे ठरावीक विश्रांती घेऊन. दम वाढवायला लांब पळणं हवं, पण आठवड्यातून दोनदा पुरतं.

तेव्हा जिल्हा परिषद शाळेचं मैदान बघ. ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आयत टेपने मोजून फक्कीने आख, चार कोपऱ्यांवर काहीतरी ठेव आणि त्याच्या बाहेरून वळ. एक फेरी २०० मीटरची झाली. चार फेऱ्यांत तुझे ८०० पूर्ण. तिथे ना ट्रॅक्टर, ना अप्पर. अंधारात आखलेल्या मैदानावर खड्डे, खिळे, दगड आधी दिवसा चालून वेचून काढा. गोळा मात्र अंधारात फेकू नका, पळणारीच्या अंगावर जाईल. मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना तिघींनी जाऊन भेटा, लेखी अर्ज द्या. मैदानाच्या कडेच्या खांबावर एक दिवा लावायला ग्रामपंचायतीला फार खर्च नाही. २६ जानेवारीला ग्रामसभा असते, त्यात उभी राहून माग. गावातल्या मुली पोलिसात जाव्यात असं भाषणात सगळेच म्हणतात, मग दिवाही द्यावा.

लांब पळण्याचे दोन दिवस उजेडात आण. जानेवारीत तुमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण पावणेसातला रस्ता नीट दिसायला लागतो. त्या दोन दिवशी डेअरीवर दूध तुझ्या भावाने घालावं, नाहीतर वडिलांनी. तुझ्या पत्रात तू हे विचारलेलंसुद्धा नाहीस, की दूध दुसरं कोणी घालेल का. विचार. एक दिवस रविवार असू दे, म्हणजे क्लासही आड येणार नाही.

पाटाचा किंवा शेतातला रस्ता कोणी सुचवेल, कारण तिथे गाड्या नसतात. दिवसा चांगला, अंधारात नको. घोणस आणि मण्यार हे विषारी साप जास्त करून रात्री हिंडतात. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, मण्यार काहीच आवाज करत नाही. उसाच्या कडेने जाणं भाग पडलं तर बॅटरी, बंद बूट आणि वाटेच्या मधून चालणं. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, पळायचं नाही, मांत्रिक नाही. पाय न हलवता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. तुमच्या भागात बिबट्याही आहे. उसालगत खाली वाकून किंवा बसून बुटाची नाडी बांधू नका, वाकलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. दिसला तर पाठ फिरवून पळू नका, एकत्र उभ्या राहा, हात वर करा, मोठ्याने ओरडा आणि हळूहळू मागे सरा. वनखात्याचा नंबर १९२६. कुत्रं मागे लागलं तर थांबा, पळाल्यावर ते चेकाळतं. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या.

आता ती दोन पोरं. तुझ्या पत्रातली ती दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. मुद्दाम लाइट बंद करून कोणी मुलींच्या मागे येत असेल तर त्याला मस्करी म्हणू नकोस. मुलीचा असा पाठलाग पुन्हा पुन्हा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तुझ्या मनात एक भीती असेल, भरतीवाल्या बऱ्याच मुलींच्या मनात असते: पोलिसात गेलं तर आपल्या नावावर केस लागेल आणि चारित्र्य पडताळणीत अडकू. असं होत नाही. पडताळणीत बघतात ते तुझ्यावर गुन्हा आहे का. तक्रार करणारी आरोपी नसते.

पुन्हा आलीच तर उत्तर देऊ नका, वाद घालू नका, पांगू नका. तिघी एकत्र उजेडाकडे चला, जवळचं घर, डेअरी, एसटी स्टँड, जे असेल ते. ११२ लावा. गाडीचा नंबर, निदान रंग आणि आवाज लक्षात ठेवा. घरी आल्यावर तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. पोलीस पाटलांना सांगा आणि ठाण्यातल्या दामिनी किंवा निर्भया पथकापर्यंत निरोप पोचवा. पळायची वेळ थोडी मागेपुढे करत राहा. पळण्याआधी किंवा पळताना स्टेटस ठेवू नका. ठेवायचंच तर घरी आल्यावर, जागा न दाखवता. व्हॉट्सॲपवर एक तासाचं लाइव्ह लोकेशन मात्र घरच्या एका माणसाला रोज पाठवा.

म्हणजे घरी सांगावं लागेल. हो, सांग. तू लपवलंस तर उद्या काही घडलं तेव्हा तू कुठे आहेस, कोणापासून पळत आहेस, हे एकाही माणसाला माहीत नसेल. तुझे पप्पा पळणं बंद म्हणतात ते त्या मुलाची मांडी बघून म्हणतात. त्यांची भीती खरी आहे. तिच्यासमोर रडून किंवा अबोला धरून काही होणार नाही, आणि खोटं बोलून तर मुळीच नाही. त्यांना व्यवस्था दाखव.

पट्ट्या शिवून झाल्या की एखाद्या संध्याकाळी त्यांना गावातल्या आतल्या रस्त्यावर घेऊन जा, कारखान्याच्या रस्त्यावर नाही. दिवा नसलेला सरळ तुकडा निवड. त्यांना मोटारसायकलवर बसव, गाडी उभी, इंजिन चालू, लाइट डिपरवर. भावाला रस्त्यावर लक्ष ठेवायला उभं कर. तू तुझा रोजचा गडद ट्रॅकसूट घाल आणि त्यांच्यासमोरून पाठमोरी चालत लांब जा. ज्या क्षणी तू दिसेनाशी होशील त्या क्षणी त्यांनी हॉर्न वाजवायचा. तिथे थांब, दगड ठेव. मग परत ये, घोट्यांना पट्ट्या बांध, जॅकेट घाल आणि पुन्हा तशीच चालत जा. पहिला दगड ओलांडून पुढे जात राहा. हॉर्न वाजेल तिथे दुसरा दगड. दोन्ही अंतरं त्यांनाच पावलांनी मोजू दे, तू काही बोलू नकोस. पहिल्या दगडापर्यंत चालत आल्यावर बहुधा ते स्वतःच थांबतील आणि मागे गाडीकडे बघतील.

घरी आल्यावर, आई जवळ असताना, त्या दोन पोरांचं सांग. मैदानाचा अर्ज त्याच वेळी पुढे ठेव, त्यावर त्यांची सही घे. पहिले काही दिवस ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहतो म्हणाले तर राहू दे.

आणि पट्ट्या तिघींच्या एकदम शिवून घे. दोन्ही दगडांपर्यंत किती किती पावलं भरली ते मला लिहून कळव.

तुझी,
बाई